अण्णांच्या गाडीचं ॲव्हरेज

"गाडी पिते." गॅरेजात नवीन गिऱ्हाईक आलं की निम्म्या वेळा पहिलं वाक्य हेच असायचं. गाडी रस्त्याकडेला लावायची, उतरून बॉनेटवर हात ठेवायचा, इकडेतिकडे बघायचं आणि हळूच म्हणायचं, "मिस्त्री, गाडी फार पिते हो." घरातल्या दारुड्याबद्दल बोलावं तसं. मीही डॉक्टरसारखा चेहरा करून विचारायचो, "कधीपासून?"

मी डिझेलचा मिस्त्री. हातखंब्याहून रत्नागिरीकडे येताना रस्त्याच्या डाव्या हाताला जांभ्याच्या दोन भिंती आणि वर पत्रा असं माझं गॅरेज होतं. आता तिथे टाइल्सचं दुकान आहे. इंजिनाची सगळीच कामं मी करायचो, पण लोक यायचे ते पंप आणि नोझलसाठी. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती भट्टीसारखी तापावी, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडायचा, की ते आपोआप पेट घेतं. पंप डिझेल दाबाने पाठवतो, नोझल त्याचा फवारा करतं. फवारा धुक्यासारखा उडाला तर प्रत्येक थेंब कामी येतो. नोझल गळकं असेल तर अर्धं डिझेल जळतं आणि अर्धं काळा धूर होऊन मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडात जातं. इतकं कळलं की माझा धंदा कळला.

आमच्याकडे डिझेलची गाडी नवी घेणारे थोडेच. बहुतेक गाड्या मुंबईत कुणीतरी वापरून झालेल्या, एजंटामार्फत गणपतीच्या आधी गावात यायच्या. प्रत्येक गाडी पूर्वी एका डॉक्टरची असायची आणि डॉक्टर ती फक्त घरून दवाखान्यात न्यायचा. मुंबईत इतके डॉक्टर असतील असं मला वाटत नाही. गणपती पोचवून झाले की त्या गाड्या एकेक करून माझ्याकडे यायच्या.

मी लगेच पाना हातात घ्यायचो नाही. आधी माणसाला बसवून विचारायचो, ॲव्हरेज काढलंत कसं? एकजण कोल्हापूरहून येताना काढायचा. आंबा घाट उतरताना गाडी काय डिझेल खाणार! मग जाताना घाट चढायला लागला की त्याला गाडी बिघडल्यासारखी वाटायची. त्याच्या हिशेबाने गाडी जाताना आजारी पडायची आणि येताना बरी व्हायची. राजापूरच्या एका काजूवाल्याच्या गाडीत मी तासभर डोकं घातलं आणि शेवटी मागची सीट उचलली, तर खाली जांभ्याचे चिरे. मागून गाडी उडते म्हणून ड्रायव्हरने भरून ठेवले होते आणि शेठजींना सांगायला विसरला होता.

असं काही नसलं तर मग क्रमाने जायचं. टाकी तोंडापर्यंत भरून, गाडी नेहमीसारखी चालवून, परत त्याच पंपावर तोंडापर्यंत भरायची. दोन भरण्यांमध्ये मीटरवर पडलेल्या किलोमीटरना नंतर भरलेल्या लिटरने भागलं की खरं ॲव्हरेज. मग चाकांची हवा बघायची. मग जॅक लावून एकेक चाक हाताने फिरवायचं. ब्रेक चिकटलेला असेल तर चाक जड फिरतं, आणि तशी गाडी म्हणजे माणसाने पायात ओंडका बांधून चालण्यातला प्रकार. एअर फिल्टर काढून झटकायचा, आमच्या लाल मातीने तो चोंदून विटेसारखा झालेला असतो. इंजिन वेळेवर तापतं का, क्लच घसरतो का, पाइप कुठे पाझरतो का, हे सगळं निस्तरल्यावर नोझल, आणि अगदी शेवटी पंप. घाईला आलेला मिस्त्री आधी पंप उघडतो, कारण बिल मोठं होतं. मी तसं कधी केलं नाही. "सुधाकरने पंप उघडला म्हणजे दुसरं काही उरलं नसणार," असं लोक म्हणायचे. त्या एका वाक्यावर माझं घर चाललं. ते वाक्य लोकांच्या तोंडून कसं गेलं, ते सांगायला बसलो आहे. माझं सोडून बाकीच्यांची नावं बदलली आहेत.

अण्णा खाडीकाठच्या भाट्ये गावचे. जहाजावर बोसन होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. निवृत्त होऊन आले तरी आवाज डेकवरचाच राहिला होता. अंगणात उभं राहून बोलले तरी खाडीपलीकडे ऐकू जावं. त्यांना घरात एक गाडी हवी होती. नारळाची पोती न्यायची, पाहुण्यांना स्टेशनवर सोडायचं, सणावाराला देवळात जायचं. चिपळूणला एक वापरलेली डिझेलची जीपसारखी गाडी बघितली आणि मला बरोबर घेऊन गेले. मी इंजिन सुरू करून ऐकलं, धूर बघितला, ऑइलची झाकणी काढून आतून धूर फुंकते का ते हात धरून बघितलं. गाडी चांगली होती.

"तू म्हणशील तर घेतो," अण्णा म्हणाले.

"घ्या," मी म्हटलं.

गाडी चालवायचा त्यांचा धाकटा भाऊ, दिगू. लग्न केलेलं नाही, भावाच्याच घरात राहायचा. हसतमुख, कामसू आणि भावाला घाबरून असणारा. पहिलं वर्षभर गाडीची काही तक्रार नव्हती. अण्णा रस्त्यात भेटले की चारचौघांत सांगायचे, "सुधाकरने बघून दिलंन् म्हणून घेतली." मला ते आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

मग त्यांच्या घरात एक गोष्ट घडली. त्यांची एकुलती मुलगी ज्योती राजापूरला नोकरीला होती. तिने तिथल्याच एका मुलाशी कोर्टात लग्न केलं. मुलगा दुसऱ्या जातीतला. तो शाळेत शिकवायचा, स्वभावाने साधा, त्याच्याबद्दल कुणी वाईट बोललेलं मी ऐकलं नाही. पण अण्णांनी वाडीतली माणसं जमलेली असताना सांगून टाकलं, "मला मुलगी नाय. घरातल्या कुणी तिचं तोंड बघितलं तर त्याने माझं बघू नये." अण्णांचा आवाज असा, की वाडीतल्या शेवटच्या घरापर्यंत ते पोचलं. एकदा तशा आवाजात बोललेलं मागे घेणं सोपं नसतं.

त्यानंतर काही महिन्यांनी अण्णा गाडी घेऊन गॅरेजात आले. दिगू चालवत होता.

"सुधाकर, गाडी पिते."

मी क्रमाने गेलो. हवा बरोबर. मागचं एक चाक किंचित जड वाटलं, ते मोकळं केलं. फिल्टर बदलला. अण्णा गेले आणि पुढच्या महिन्यात परत आले. तेच. जी गाडी लिटरला तेरा-चौदा द्यायची ती दहावर आली होती, कधी नऊ. मी क्लच बघितला. इंजिन थंड राहतं का बघितलं. पाइपांखाली पुठ्ठा टाकून सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाडी उभी ठेवली, पुठ्ठ्यावर डाग नाही. नोझल काढून टेस्टिंगच्या यंत्रावर लावली, फवारा बघून मलाच बरं वाटलं. तरी एक बदललं. शेवटी पंप उघडला. आतले भाग पुसून, मापून, परत बसवला. पंपालाही काही झालेलं नव्हतं.

गाडी परत आली. अण्णा या वेळी एकटे आतल्या बाकावर बसले आणि दिगू बाहेर आहे याची खात्री करून म्हणाले, "खरं सांग. गाडीला काय नाय ना? मग दिगू डिझेल काढून विकतो काय?"

मी म्हटलं, "अण्णा, गाडी दोन दिवस माझ्याकडे ठेवा."

टाकी तोंडापर्यंत भरून मी एकटाच गाडी घेऊन पालीपर्यंत गेलो, संगमेश्वरच्या बाजूला थोडा फिरलो आणि परत त्याच पंपावर आलो. हिशेब केला. गाडीने चौदा दिले होते. म्हणजे डिझेल गाडी पीत नव्हती. दुसऱ्या कुणाचं तरी पोट त्यावर भरत असणार. दिगूबद्दल असं मनात आणताना वाईट वाटलं, पण माणसं बदलतात हे गॅरेजवाल्याइतकं कुणी बघत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑइल बदलायचं म्हणून मी गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो. ऑइल बघून पहिली शंका आली. मीटरवर जेवढे किलोमीटर पडले होते त्याच्या मानाने ते फारच काळं आणि पातळ झालं होतं. टायरकडे बघितलं, तेही मीटरच्या हिशेबापेक्षा जास्त झिजलेले. मग गिअरबॉक्सकडे बॅटरी मारली. किती किलोमीटर झाले हे मीटरला तिथून कळतं. गिअरबॉक्समधून एक बारीक केबल निघते आणि वर मीटरपर्यंत जाते, चाकं फिरली की ती फिरते आणि आकडा पुढे सरकतो. त्या केबलचा नट हाताने फिरवता येतो. गिअरबॉक्सवर सगळीकडे ग्रीस आणि चिखलाचा बोटभर थर बसला होता. तो नट तेवढा चकचकीत होता.

केबल सोडून गाडी चालवली की डिझेल जळतं, पण मीटरवर काही पडत नाही. मग हिशेब केला की ॲव्हरेज कमी दिसणारच. गाडी पीत नव्हती आणि डिझेल कुणी विकतही नव्हतं. गाडी कुठेतरी जात होती, आणि कुठे ते अण्णांना कळू द्यायचं नव्हतं.

दिगू गाडी न्यायला आला तेव्हा मी त्याला खड्ड्यात बोलावलं आणि नटावर बॅटरी मारली. त्याने बघितलं आणि तिथल्या तिथे उकिडवा बसला.

"कुठे नेतोस?"

"राजापूरला. वहिनीला घेऊन. पावसला तिच्या माहेरी जातो सांगून निघतो. पावसपर्यंत मीटर चालू ठेवतो, पुढे आडिवऱ्याच्या रस्त्याला लागलो की केबल काढतो. येताना पावसला परत लावतो. दादा, ज्योतीला दिवस गेलेत. रक्तदाब वाढतो, डॉक्टरने झोपून राहायला सांगितलंन्. तिच्याकडे करणारं कोण नाय. नवऱ्याची आई कधीच गेली. वहिनी जाते, दोन वेळचं करून ठेवते, डोक्याला तेल लावते आणि येते."

"आणि अण्णा तुला चोर म्हणायला लागले आहेत, ते?"

"म्हणू दे," दिगू म्हणाला. "पण गाडी बंद केली तर वहिनी जाणार कशी?"

एसटी आहे, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण एसटीत भाट्यातली, पावसमधली दहा ओळखीची माणसं असतात. संध्याकाळच्या आत अण्णांना कळलं असतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी वहिनी रिक्षा करून गॅरेजात आल्या. वहिनी म्हणजे अण्णांची बायको. सगळ्या भाट्याच्या त्या वहिनी. एरवी दारात आलेल्याला पाणी दिल्याशिवाय न सोडणारी बाई माझ्या दारात उभी होती आणि मी दिलेला स्टूल घेईना.

"सुधाकरभाऊ, दिगूने मला सांगितलंन्. तुम्ही ह्यांना काय सांगणार आहात?"

"मी अजून ठरवलं नाही."

"खरं सांगितलंत तर हे मला घराबाहेर काढतील असं नाय. तसे नाहीत ते. पण दिगूला काढतील. आणि माझं जाणं बंद होईल. पोरीचे शेवटचे महिने आहेत."

"आणि गाडीला काही झालेलं नाही असं सांगितलं तर अण्णा दिगूला चोर ठरवतील," मी म्हटलं.

"तेच," वहिनी म्हणाल्या. "म्हणून आल्ये. तुम्ही सांगा, गाडीतच दोष आहे. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे. तुम्ही म्हणालात की संपलं." मग पदर डोळ्यांना न लावता, सरळ माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बाळंतपण होईपर्यंत. मग मीच सगळं सांगेन ह्यांना. तुमचं नाव खराब होऊ देणार नाय."

मी हो म्हटलं. मला मुलगी आहे, त्या वेळी ती बारावीला होती. बाकी काही विचार केल्याचं आठवत नाही.

अण्णा आले. मी सांगितलं, "पंप थकलाय. जुनी गाडी आहे, आता एवढंच देणार."

त्यांनी डोळे बारीक केले. "पंप तूच उघडलास ना?"

"हो."

"उघडायच्या आधी बारा तरी देत होती."

देत नव्हती. पण आता ते सांगता येत नव्हतं.

"म्हणजे तू बिघडवलास," अण्णा म्हणाले. "आणि गाडी घे म्हणून सांगणारा पण तूच."

या धंद्यात शिव्या खाव्या लागतात, त्याची सवय असते. पण आपलं काम चोख झालेलं आहे हे आपल्याला माहीत असताना, आपल्याच तोंडाने ते नासलं म्हणून सांगायचं आणि वर ऐकून घ्यायचं, याची सवय नव्हती. त्या दिवशी पान्याची पेटी उघडीच टाकून मी घरी गेलो. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "चांगलं केलंत." नंतर थोड्या वेळाने म्हणाली, "पण अण्णा गप्प बसायचे नाहीत."

ते बसले नाहीत. बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्याच्या सगळ्या गाड्या तेव्हा माझ्याकडे असायच्या. बर्फाच्या आणि मासळीच्या गाड्यांचं काम बारा महिने चालतं, आणि गॅरेजाचं भाडं, दोन माणसांचा पगार त्यावरच निघायचा. कारखान्याचे मालक अण्णांचे मित्र. एका संध्याकाळी गेटवर ड्रायव्हर जमलेले असताना अण्णा आपल्या त्या आवाजात म्हणाले, "सुधाकरकडे गाडी द्याल तर मागे डिझेलचा टँकर बांधून फिरावं लागेल." ड्रायव्हर हसले. ते वाक्य इतकं चाललं की महिनाभरात मला हातखंब्याच्या चहाच्या टपरीवर ऐकायला मिळालं. सांगणाऱ्याला मी कोण ते ठाऊक नव्हतं.

कारखान्याच्या मालकांनी मला बोलावून वाईटपणा घेतला नाही. एक गाडी आली नाही, मग दुसरी आली नाही. मी विचारायला गेलो तर म्हणाले, "सध्या काम नाही रे फारसं." त्यांची बर्फाची गाडी तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्या गॅरेजकडे वळली.

ज्योतीला मुलगा झाला. बाळंतपण कठीण गेलं, पण दोघं सुखरूप. वहिनींची गाठ पडली की त्या नजर चुकवायच्या. बारसं झालं असणार, मला माहीत नाही. मी वाट बघत होतो. एकदा दिगू रस्त्यात भेटला, त्याला विचारलं. तो म्हणाला, "वहिनी म्हणते, मूल जरा मोठं होऊ दे."

मूल मोठं झालं. चालायला लागलं. आणि मग एका गणपतीला अण्णांनीच दिगूला राजापूरला पाठवून मुलगी, जावई आणि नातवाला घरी आणलं. कुणी सांगितलं, कुणी समजावलं, कळलं नाही. नातवाला खांद्यावर घेऊन अण्णा वाडीभर फिरले. मला हे ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, आता कुणाचं काही बिघडणार नाही. आता सांगतील.

मी स्वतःच भाट्याच्या पुलाजवळ दिगूला गाठलं. "आता तरी अण्णांना सांग, गाडी ठीक होती म्हणून."

दिगू पायाने वाळू उकरत उभा राहिला. "दादा, आता सगळं नीट झालंय. आता ते उकरून काढलं तर त्यांना वाटेल, बायको आणि भाऊ दोघांनी वर्षभर फसवलंन्. नातवाच्या आनंदात आहेत. कशाला?"

"आणि माझं?"

"तुमचं काम काय, तुम्हाला काम मिळेल. तुम्ही हुशार आहात."

हा तोच दिगू, जो खड्ड्यात उकिडवा बसला होता. त्याला चोर ठरू दिलं नाही, म्हणून मी नालायक ठरलो होतो. त्याच्याशी मी पुन्हा बोललो नाही. तो अजूनही रस्त्यात हात करतो.

माझं गॅरेज अण्णांमुळे बंद पडलं असं म्हटलं तर ते पूर्ण खरं होणार नाही. नव्या डिझेल गाड्यांत सगळं इलेक्ट्रॉनिक आलं, पंप उघडायच्या आधी कॉम्प्युटर लावावा लागतो. ते मी शिकलो नसतो असं नाही. कुवारबावला एकाने यंत्र आणलं तेव्हा मीही चौकशी केली होती. पण यंत्र घ्यायला पाठीशी बारमाही काम लागतं, आणि ते बर्फाच्या गाड्यांबरोबर गेलं होतं. राहिली ती किरकोळ गिऱ्हाइकं. त्यातलीही ॲव्हरेजची तक्रार असलेली माझ्याकडे यायची थांबली. आयुष्यभर ज्या कामाने ओळखला गेलो, त्याच कामासाठी लोक मला टाळू लागले. ब्रेक, क्लच, ऑइल यासाठी यायचे. एकदा एका ओळखीच्याने पंप काढून आणला आणि म्हणाला, "कोल्हापूरला पाठवायचाय, नीट बांधून द्याल का?" मी दिला बांधून. पुढे माझं टेस्टिंगचं यंत्र भंगारवाल्याने टेम्पोत घातलं त्या दिवशीही एवढं लागलं नव्हतं.

गॅरेज बंद केल्यानंतर वर्षभराने अण्णांचा निरोप आला. पडून असतात, भेटून जा. मी जाणार नव्हतो. बायको म्हणाली, "जा. कदाचित त्यांना काही सांगायचं असेल." म्हणजे तिच्याही मनात तेच होतं, की वहिनींनी एकदाचं सांगितलं असेल आणि म्हातारा माफी मागायला बोलावतोय.

अण्णा ओटीवर खुर्चीत बसले होते. एक हात चालत नव्हता. आवाज मात्र पार गेला होता, पुढे वाकून ऐकावं लागत होतं. वहिनी आत चहा करत होत्या. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग अण्णा आतल्या दाराकडे बघून म्हणाले, "ती गाडीची गोष्ट माझ्या मनात आहे."

"असू दे आता," मी म्हटलं.

"तू पंप बिघडवला नव्हतास. मला ठाऊक होतं."

मला वाटलं, वहिनींनी सांगितलं. "कधी कळलं?"

"तेव्हाच. दोन दिवसांनी गाडी तुझ्याकडून घरी आली आणि दिगू तापाने पडला, तेव्हा आठवडाभर गाडी मीच चालवली. रत्नागिरी, स्टेशन, देऊळ. ॲव्हरेज बरोबर आलं. मग मी खाली बघितलं. जन्म जहाजावर काढला मी, सुधाकर. हात लागलेला नट मला ओळखता येतो."

"म्हणजे वहिनी राजापूरला जातात हे..."

त्यांनी चालत्या हाताने मला थांबवलं. "हळू. तिला ठाऊक नाय."

ते बोलत राहिले, मधे मधे थांबून. "मी सगळ्यांसमोर बोललेला. मी जा म्हणू शकत नव्हतो. आणि पोर आजारी, ते माझ्या कानावर आलेलं. नको जाऊ असं कुठल्या तोंडाने म्हणणार? डिझेलचं विचारायचं सोडलं असतं तर तिला कळलं असतं की मला कळलंय. मग मला काहीतरी ठरवावं लागलं असतं. मग तूच म्हणालास पंप थकलाय. मी ते धरलं. कुणावर तरी ओरडायला हवं होतं."

"गेटवर ड्रायव्हरांसमोर बोललात, तेही?"

"घरात बोललेलं खरं वाटायला बाहेर पण बोलावं लागतं," अण्णा म्हणाले. त्यात त्यांना काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. मग म्हणाले, "तू माझ्यासाठी खोटं बोललास, हे मी विसरलो नाय."

मी त्यांच्यासाठी बोललो नव्हतो. पण ते सांगून काय झालं असतं? मी एवढंच विचारलं, "बर्फवाल्यांना कधी सांगितलंत का?"

"तो गेला ना रे. मुलगा बघतो आता. त्याला काय सांगू?" आणि डोळे मिटून घेतले. थकले असावेत. बोलावणं आलं तेव्हापासून मी माफीची वाट बघत होतो. ते माझं कौतुक करत होते.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी तो उभ्यानेच प्यायलो आणि निघालो. त्या बेड्यापर्यंत माझ्या मागोमाग आल्या. आमच्याकडे फाटकाला बेडं म्हणतात. तिथे थांबून, मागे वळून बघत त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "ह्यांच्याजवळ काय बोलला नाहीत ना?"

"नाही."

"बरं झालं. त्यांना अजून ठाऊक नाय. या वयात कळलं असतं तर झेपलं नसतं त्यांना." मग म्हणाल्या, "तुमच्यासारखा माणूस मिळायचा नाय, भाऊ."

एका वाक्यात मी तिथे सगळं मोकळं करू शकलो असतो. नवरा-बायको एकमेकांपासून जे लपवत होते ते दोघांनाही माहीत होतं, आणि दोघांनी ते माझ्याकडे ठेवायला दिलं होतं. ते एकमेकांना त्यांनी सांगितलं असतं तर माझा पंप मधे आलाच नसता. पण ओटीवर तो माणूस डोळे मिटून बसला होता आणि ही बाई माझ्याकडे विश्वासाने बघत होती. मी म्हटलं, "वहिनी, बाकीचं राहू दे. त्या गाडीत काही बिघाड नव्हता, एवढं तरी कुणाला तरी सांगा."

त्यांना खरंच वाईट वाटलं. थोडा विचार करून म्हणाल्या, "कसं सांगू हो? लोक विचारतील, मग डिझेल जात कुठे होतं?"

अण्णा त्याच वर्षी गेले. वहिनी मुलीकडे राजापूरला असतात, नातू शाळेत जातो असं कळतं. मला अजूनही कुणी भेटलं तर ते टँकरचं वाक्य आठवून हसतं, आणि मीही हसतो. त्या गाडीने माझ्या हातात लिटरला चौदा दिले होते. हे मी आजपर्यंत बायकोखेरीज कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिलं.